कलामसाहेब कोणाचे?

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळायला सुरुवात केली. राज्यातल्या इतर शाळांप्रमाणे मुदखेडच्या आमच्या उर्दू शाळेतही तो साजरा होतो. टेबलावर पांढरी चादर अंथरली जाते, तिच्यावर कलामसाहेबांची तसबीर ठेवली जाते, मुले तीन-तीन मिनिटांची पाठ केलेली भाषणे करतात आणि शेवटी टाळ्या होतात. मुदखेड हा फुलशेतीचा तालुका. गुलाब, मोगरा, गलांडा यांची इथे कमतरता नाही, त्यामुळे हारही ताजा मिळतो. पण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे याच हारावरून वाद झाला.

एक पालक सकाळीच आले आणि म्हणाले, “सर, तसबिरीला हार घालणे आपल्यात बसत नाही. मुलांसमोर तरी नको.” त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, काळजीचा होता. आमच्यापैकी एकजण म्हणाले, “हार घातला नाही आणि कोणी अधिकारी आले तर? हे लोक कलामांनाही मानत नाहीत, अशी चर्चा व्हायला वेळ लागत नाही.” तिसऱ्यांनी वेगळाच मुद्दा काढला. “ते वीणा वाजवायचे, गीता वाचायचे. ते आपले कितपत, हाच खरा सवाल आहे.” चौथे म्हणाले, “राष्ट्रपती झालेला माणूस आपला नाही म्हणता, मग आपला कोण?” अर्धा तास असाच गेला. दारात मुले उभी राहून सगळे ऐकत होती. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, पण कलामसाहेबांनी केलं काय होतं?”

खोलीत आम्ही सहा शिक्षक होतो. सहाही जण पदवीधर, सहाही जण बी.एड. ‘मिसाईल मॅन होते’ आणि ‘राष्ट्रपती होते’ या दोन वाक्यांपुढे आमच्यापैकी कोणालाही जाता आले नाही. ते आपले की परके यावर अर्धा तास बोलणाऱ्या आम्हाला त्यांचे काम दोन मिनिटे सांगता येत नव्हते. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही. हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे.

मृत्यूनंतरचे वाद

कलाम यांचे निधन २७ जुलै २०१५ रोजी शिलाँग येथे झाले. तिथल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देत असताना ते कोसळले. शिक्षकाला असा मृत्यू यावा, असे त्या दिवसांत अनेकांनी म्हटले आणि ते खरेच होते. ३० जुलै रोजी रामेश्वरमला त्यांचा दफनविधी झाला. जनाज्याच्या नमाजला लोटलेला समुदाय दूरदर्शनवर सगळ्या देशाने पाहिला.

त्याच दिवशी सकाळी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी याकूब मेमन याला फाशी देण्यात आली. त्याचे दफन मुंबईत झाले. २५७ निरपराध माणसांचा बळी घेणाऱ्या कटातला एक दोषी आणि देशाचा माजी राष्ट्रपती, या दोघांत साम्य कसले? तरीही त्या दोन दिवसांत दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून ‘यातला तुमचा कोण?’ असे विचारणारे संदेश मोबाईलवर फिरले. आमच्याही मोबाईलवर ते आले. पाठवणारे काही अनोळखी नव्हते. रोज सोबत चहा घेणाऱ्यांनी ते सहज पुढे पाठवले होते.

या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई आम्ही सर्वांनी केली. ‘आमचे कलाम, आमचे कलाम’ असे आम्ही इतक्या वेळा लिहिले की जणू कोणी आमच्यावर खटला भरला होता आणि कलामसाहेब हे आमच्या बाजूचे साक्षीदार होते. वास्तविक हा प्रश्न विचारणेच गैर होते. एखाद्या समाजातला एक गुन्हेगार आणि एक सत्पुरुष समोर ठेवून त्या समाजाला निवड करायला कोणी सांगत नाही. ते आम्हाला सांगितले गेले आणि आम्हीही निमूटपणे निवड केली.

या गदारोळात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सोयीने विसरली गेली. फाशीच्या शिक्षेबाबत विधी आयोगाने मते मागवली होती. ही शिक्षा रद्द करावी असे मत देणाऱ्या मोजक्या मान्यवरांत कलाम होते, अशी बातमी त्याच जुलै महिन्यात आली होती. आणि याच कलाम यांच्या कार्यकाळात, २००४ साली, धनंजय चॅटर्जी याचा दयेचा अर्ज फेटाळला जाऊन त्याला फाशी झाली होती. राष्ट्रपतिपदावर बसून घेतलेल्या निर्णयाचे ओझे हा माणूस पुढे वाहत राहिला असावा. पण ओझे वाहणारा माणूस घोषणेत बसत नाही.

महिनाभरात दुसरा वाद आला. २८ ऑगस्ट २०१५ रोजी नवी दिल्लीतील औरंगजेब रस्त्याला कलाम यांचे नाव देण्याचा निर्णय झाला. आम्ही मराठवाड्याची माणसे. औरंगजेबाची कबर खुलताबादेत, आमच्याच मुलखात आहे आणि त्या नावावरून होणारे राजकारण आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. २०२५ च्या मार्चमध्ये त्या कबरीवरून पुन्हा वातावरण तापले आणि नागपुरात दंगल उसळली. औरंगजेबाचे मूल्यमापन इतिहासकारांनी जरूर करावे. त्याचे वकीलपत्र घेण्याची आम्हाला गरज वाटत नाही. पण एका मुसलमानाचे नाव पुसायचे आणि त्याच पाटीवर दुसऱ्या मुसलमानाचे लिहायचे, म्हणजे कोणाला बोलायला जागाच राहू नये, अशी ही रचना होती. सप्टेंबर २०१५ मध्ये तत्कालीन केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महेश शर्मा यांनी या निर्णयाचे समर्थन करताना कलाम हे मुसलमान असूनही मोठे राष्ट्रवादी आणि मानवतावादी होते, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर टीकाही झाली. ‘असूनही’ हा एकच शब्द, पण आमच्या पिढीला तो चांगला ओळखीचा आहे. घर भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, शेजाऱ्याने केलेल्या कौतुकातही तो आम्ही ऐकलेला आहे.

तिसरा वाद त्यांच्या स्मारकाचा. रामेश्वरमजवळ पेईकरुम्बू येथे त्यांच्या कबरीच्या जागी उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन दुसऱ्या स्मृतिदिनी, २७ जुलै २०१७ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आत वीणा वाजवणाऱ्या कलाम यांचा पुतळा आहे आणि त्याच्याजवळ भगवद्गीता कोरलेली होती. एकट्या गीतेचीच निवड का, असा सवाल तामिळनाडूतल्या काही पक्षांनी केला. कुटुंबीयांनी तिथे कुराण आणि बायबलही ठेवले, तर त्यावर हिंदुत्ववादी संघटनेने हरकत घेतली. पुतळाच नको, असे काही मुस्लिम संघटनांचे म्हणणे आधीपासून होतेच. म्हणजे आमच्या शाळेतला हाराचा वाद आणि रामेश्वरमच्या पुतळ्याचा वाद एकच होता. फरक इतकाच की आमच्याकडे वर्तमानपत्रवाले आले नाहीत.

मागच्या बाकावरचा मुलगा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर शोधताना आम्ही सर्वप्रथम ‘विंग्ज ऑफ फायर’ हे १९९९ साली आलेले आत्मचरित्र वाचले. अरुण तिवारी यांच्या साहाय्याने लिहिलेल्या या पुस्तकाचा माधुरी शानभाग यांनी केलेला ‘अग्निपंख’ हा अनुवाद मराठी वाचकांना परिचित आहे. आमच्या शाळेच्या कपाटातही त्याची एक प्रत होती. तिची पाने तोवर कोणी उघडलेली दिसत नव्हती.

१९३१ साली रामेश्वरमला जन्मलेला हा मुलगा नाव चालवणाऱ्या कुटुंबातला. वडील जैनुलाबदीन, आई आशियम्मा. घरची आणि मनाची भाषा तमिळ. पाचवीत असताना शाळेत नवे शिक्षक आले. डोक्यावर टोपी घातलेला मुसलमानाचा मुलगा पुजाऱ्याच्या मुलाशेजारी बसलेला त्यांना पाहवला नाही आणि त्यांनी अब्दुलला उठवून मागच्या बाकावर बसवले. रामनाथ शास्त्री हा त्याचा मित्र रडू लागला. दोन्ही घरी ही गोष्ट कळली, तेव्हा रामनाथचे वडील, रामेश्वरमच्या देवळाचे मुख्य पुजारी लक्ष्मण शास्त्री, यांनी त्या शिक्षकांना बोलावून कोवळ्या मनात विष कालवू नका, असे खडसावले.

त्याच शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर हे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी अब्दुलला आपल्या घरी जेवायला बोलावले. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मुसलमान मुलाला वाढायला त्यांच्या पत्नीने नकार दिला. अय्यर चिडले नाहीत. त्यांनी स्वतः वाढले आणि मुलाच्या शेजारी बसून जेवले. निघताना पुढच्या आठवड्याचेही आमंत्रण दिले. पुढच्या वेळी त्यांच्या पत्नीने मुलाला आत नेऊन स्वतःच्या हाताने वाढले.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे दोन प्रसंग आम्हाला अधिक लागले. कलाम यांच्या ‘सर्वधर्मसमभावा’चे कौतुक सगळे करतात. परंतु तो त्यांना आकाशातून मिळाला नव्हता. एका शिक्षकाने त्यांना मागे बसवले होते आणि दुसऱ्या शिक्षकाने शेजारी बसून जेवू घातले होते. कलाम यांनी दोन्ही लिहून ठेवले. भाषणांत मात्र दुसरा प्रसंग सांगतात आणि पहिला गाळतात. आमच्या मुलांना पहिलाही सांगायला हवा. कधीतरी त्यांनाही कोणी मागे बसवणार आहे. तेव्हा आपल्याआधी इथे कोण बसले होते, हे त्यांना ठाऊक असावे.

भाषेचाही मुद्दा आहे. ‘उर्दू येत नाही तो कसला मुसलमान’ असे बोल महाराष्ट्रातल्या मराठीभाषक मुसलमानाने किती ऐकले आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. कलाम यांनी कविता लिहिल्या त्या तमिळमध्ये. तिरुक्कुरळ त्यांना मुखोद्गत होते. वडिलांनी शिकवलेली नमाज आणि तमिळ संतकवीची वचने यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही. आम्ही उर्दूतून शिकवतो, हा लेख मराठीत लिहितो आणि आमच्या घरात दखनी बोलली जाते. रामेश्वरमचा हा मुसलमान आम्हाला या कारणानेही जवळचा वाटतो.

गिरजाघरातली प्रयोगशाळा

तिरुचिरापल्लीला भौतिकशास्त्र शिकल्यावर मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत विमानविद्येसाठी प्रवेश मिळाला. शुल्काचे पैसे नव्हते. बहीण जोहरा हिने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकून ते भरले. वैमानिक व्हायचे स्वप्न डेहराडूनला मोडले. हवाई दलाच्या निवडीत जागा आठ होत्या आणि कलाम यांचा क्रमांक नववा लागला.

१९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि कलाम त्या कामात आले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावावरून जाते, म्हणून अग्निबाण सोडण्यासाठी ते गाव निवडले गेले. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचे गिरजाघर होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि गावकऱ्यांनी ती जागा विज्ञानासाठी दिली. गिरजाघरात कार्यालय आणि प्रयोगशाळा थाटली गेली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेकडून मिळालेला एक लहान अग्निबाण तिथून सुटला. त्याच्या जोडणीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी कलाम यांच्याकडे होती.

त्याआधी काही महिने ते अमेरिकेत प्रशिक्षणासाठी गेले होते. तिथे वॉलप्सच्या अग्निबाण केंद्रात त्यांनी एक चित्र पाहिले. इंग्रज फौजेवर अग्निबाण सोडणाऱ्या सैनिकांचे ते चित्र होते आणि ते सैनिक होते टिपू सुलतानचे. टिपूच्या देशात विसरली गेलेली गोष्ट परमुलखात भिंतीवर सन्मानाने लावलेली पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

हा प्रसंग आपल्याकडच्या सभांत फार आवडीने सांगितला जातो. आम्हीही सांगितला आहे. मात्र पुढचा भाग आपण सांगत नाही. टिपूचे अग्निबाण श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांनी विलायतेला नेले, विल्यम काँग्रीव्हने त्यांचा अभ्यास केला आणि ते सुधारून वापरात आणले. आपल्याकडे ते काम तिथेच थांबले. आमच्या मराठवाड्याचेच पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादेत १९०१ साली निजामिया वेधशाळा सुरू झाली आणि आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशासाठी तिथे ताऱ्यांची छायाचित्रे घेतली गेली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते आणि त्यासाठी दारुल तर्जुमात इंग्रजी ग्रंथांचे अनुवाद होत होते. कृत्रिम उपग्रहाला ‘मसनुई सय्यारा’ म्हणा, असे आम्ही आज मुलांना सांगतो, तेव्हा शब्द घडवण्याच्या त्याच परंपरेवर उभे असतो. पण निजामाच्या हिऱ्यांच्या जितक्या गोष्टी आमच्या मुलांना माहीत आहेत, त्यातली एकही त्या वेधशाळेची नाही. पूर्वजांचा अभिमान पुष्कळ आहे, पूर्वजांनी काय काम केले याची चौकशी कोणी करत नाही. कलामसाहेबांच्या बाबतीतही हेच घडू लागले आहे.

१० ऑगस्ट १९७९

कलाम यांचे अंतराळातले मुख्य काम म्हणजे एसएलव्ही-३ हा उपग्रह वाहून नेणारा अग्निबाण. चार टप्प्यांचा, सुमारे २२ मीटर उंच, १७ टन वजनाचा. ते या प्रकल्पाचे प्रमुख होते आणि चौथा टप्पा त्यांनी स्वतः हाताळला. उरलेल्या तीन टप्प्यांच्या रचनेचे काम साराभाईंनी डॉ. वसंत गोवारीकर, एम. आर. कुरुप आणि ए. ई. मुथुनायगम यांच्याकडे सोपवले होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिले उड्डाण झाले. पहिला टप्पा नीट चालला. दुसऱ्या टप्प्यावर नियंत्रण सुटले आणि ३१७ सेकंदांनी सगळे संपले. अग्निबाण उपग्रहासह ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात कोसळला. चौकशीत आढळले की नियंत्रण यंत्रणेतले नायट्रिक ॲसिड एका झडपेतून गळून गेले होते. झडप नीट मिटली नव्हती. कलाम यांनी आढावा बैठकीत उभे राहून अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

पत्रकारांसमोर मात्र त्यांना जावे लागले नाही. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले. अपयश आले आहे, पण माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे, असे त्यांनी सांगितले. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले आणि ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारताचे नाव आले. त्या दिवशी धवन यांनी पत्रकारांसमोर कलाम यांना पाठवले. कलाम हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. स्वतःच्या यशाच्या कहाणीत त्यांनी मोठी जागा आपल्या वरिष्ठाला दिली.

यात आपल्या मराठी माणसाचीही एक गोष्ट आहे. १९८० साली अग्निबाण वर गेला, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक वसंत गोवारीकर होते. घन इंधनातले ते जाणकार. पुढे मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप त्यांच्या पुढाकाराने तयार झाले आणि ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे दोघे एकाच वर्षी गेले. एकाच्या नावाने रस्ता, स्मारक, दिन. दुसऱ्याचे नाव आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पावसाच्या अंदाजापुरतेच माहीत होते. कलाम यांनी आत्मचरित्रात सहकाऱ्यांची नावे पानोपानी दिली आहेत. ती यादी त्यांच्या भक्तांनी पुसून टाकली आणि एकच माणूस उरवला.

जे बोलायला हवे

कलाम यांच्यावर जी टीका झाली ती सगळी द्वेषातून झाली, असे म्हणून चालणार नाही. ते मूलभूत संशोधन करणारे शास्त्रज्ञ नव्हते, असे काहींनी म्हटले. हे खरे आहे. ते अभियंते होते, अनेकांचे काम एकत्र जोडणारे प्रमुख होते. यात कमीपणा नाही. पण त्यांना आइनस्टाइनच्या शेजारी बसवणाऱ्या भाषणांनी त्यांच्यावर अन्यायच होतो. १९८२ नंतर ते क्षेपणास्त्रांकडे वळले. १९८९ मध्ये ‘अग्नी’ उडाले, १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. उपग्रह नेणारी विद्या आणि अण्वस्त्र नेणारी विद्या या सख्ख्या बहिणी आहेत. मुलांना हे सांगावे, की न सांगता नुसते ‘मिसाईल मॅन’ म्हणून टाळ्या वाजवाव्यात? आम्हाला सांगणे योग्य वाटते. २०११ साली कुडनकुलमच्या अणुभट्टीला किनाऱ्यावरचे कोळी विरोध करत असताना कलाम यांनी ती सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. कोळ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाकडून त्या लोकांची वेगळी अपेक्षा होती. या टीकेचीही नोंद व्हायला हवी.

आणि २००२. त्या वर्षी गुजरातेत जे घडले त्यानंतर काही महिन्यांतच सत्ताधारी आघाडीने कलाम यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे केले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरात मोठी माणसे दबक्या आवाजात बोलत, ‘आपल्या जखमेवर आपलाच माणूस पट्टी म्हणून लावला.’ पद स्वीकारल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी पहिला दौरा गुजरातचा केला, दंगलग्रस्तांच्या छावण्यांत गेले. आपण जाऊ नये असे सुचवले जात होते, तरी गेलो, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. तेवढे पुरेसे होते का? आमच्या घरातच यावर दोन मते होती आणि आजही आहेत. ते अधिक बोलले असते तर बरे झाले असते, असे आम्हाला वाटते. पण ते गेले होते, हेही आम्ही विसरू इच्छित नाही.

राहिला ‘ते कितपत मुसलमान होते’ हा आपल्यातला प्रश्न. जैनुलाबदीनच्या मुलाची नमाज मोजायला आपल्याला कोणी नेमलेले नाही. वीणेवरून त्यांना बाहेर काढणारे आणि वीणेवरूनच त्यांना ‘चांगला मुसलमान’ ठरवणारे एकाच तराजूने तोलतात. त्या तराजूत एसएलव्ही-३ चे सतरा टन कुठेच ठेवलेले नाहीत. कलाम हे आमच्या देशभक्तीचे प्रमाणपत्र नव्हेत, आणि आमच्या धर्मनिष्ठेची परीक्षाही नव्हेत. ज्यांना आम्ही तसे वापरले त्यांची क्षमा मागायची तर त्यांचे काम समजून घेणे एवढाच मार्ग आम्हाला दिसतो.

गेल्या १५ ऑक्टोबरला आम्ही पाठ केलेली भाषणे ठेवली नाहीत. तसबीर टेबलावर होती. मुलांनी आणलेली फुले तिच्या गळ्यात न घालता एका तांब्यात ठेवली आणि त्यावर कोणी काही म्हटले नाही. ‘अग्निपंख’मधले १० ऑगस्ट १९७९ चे पान एका मुलाने अडखळत मराठीत वाचले. दुसऱ्याने त्याचा अर्थ उर्दूत सांगितला. मग फळ्यावर गणित घातले. अग्निबाण १७ टन, उपग्रह ३५ किलो, तर एक किलो वर न्यायला किती किलो लागले? तोच प्रश्न विचारणारी ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली होती. तिनेच उत्तर काढले, जवळपास ४८६ किलो.

दारात तेच पालक उभे होते, ज्यांनी हाराला हरकत घेतली होती. मोंढ्यात त्यांचे हमालीचे काम आहे. ते म्हणाले, “पस्तीस किलो म्हणजे सोयाबीनच्या पोत्यापेक्षा कमी झालं. एवढ्यासाठी सतरा टन?” वर्गातली मुले एकदम बोलू लागली. बाकीचे जाते कुठे, जळते ते काय, पहिला टप्पा खाली पडतो तो कोणाच्या डोक्यावर पडत नाही का, समुद्रच का निवडला. त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आम्हाला देता आली. उरलेल्यांसाठी मुलांनी वहीत पान राखून ठेवले आहे. कलामसाहेब कोणाचे, हे त्या दिवशी कोणीच विचारले नाही.